री-रोलिंग आणि रीरेग्युलेट

परवा सकाळी चहाचा कप हातात असतानाच भाच्याचा फोन. भाचा पुण्याला असतो, कायद्याच्या आणि कंपन्यांच्या कागदांची भाषांतरं करून पोट भरतो. "मामा, एक शब्द अडलाय. रीरेग्युलेट. मराठीत काय लिहू?"

म्हटलं, "अरे, डिक्शनरी उघड की."

"उघडली. 'पुन्हा नियमन करणे' म्हणते. पण समोरचा म्हणतो 'नियम पूर्ववत करणे' लिहा. दोन्ही एकच ना?"

"एकच नाही रे," असं मी पटकन बोलून गेलो आणि फसलो. का एकच नाही, ते काही केल्या फोनवर सांगता येईना. संध्याकाळी सांगतो म्हणालो. ती संध्याकाळ तीन दिवस लांबली. आता जे काय सुचलंय ते इथेच लिहून टाकतो, म्हणजे त्यालाही वाचता येईल.

आधीच सांगतो, मी भाषेचा माणूस नाही. मी जालना एमआयडीसीतल्या एका री-रोलिंग मिलच्या ऑफिसात १९८८ पासून कारकुनी केलेला माणूस. एक्साइजचं आर.जी. वन रजिस्टर, गेटपास, काट्याच्या पावत्या, हे माझं साहित्य! पण हा शब्द बघितल्यावर वाटलं, अरे, हा तर आपल्या गल्लीतलाच आहे.

इंग्रजीतला 'रेग्युलेट' आला लॅटिनमधल्या 'रेग्युला'वरून. रेग्युला म्हणजे सरळ काठी, पट्टी. ज्याला लावून रेघ सरळ आहे का ते बघायचं. त्यावरूनच 'रूल' म्हणजे नियम, आणि 'रूलर' म्हणजे आपली फूटपट्टी. गंमत म्हणजे रेल्वेची 'रेल', म्हणजे रूळ, हा शब्दसुद्धा फ्रेंचमार्गे याच रेग्युलापासून निघालाय. म्हणजे इंग्रजांच्या मते नियम म्हणजे एक सरळ गज.

आपल्याकडे चित्र वेगळं. नियम, नियमन, नियंत्रण या सगळ्यांच्या पोटात 'यम्' हा धातू, म्हणजे आवरणं. संस्कृतात 'यन्तृ' म्हणजे सारथी. म्हणजे आपला नियम हा लगाम आहे. काठी एकदा सरळ केली की सरळ राहते. लगाम मात्र धरून बसावा लागतो, सोडला की घोडं निघालं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता 'री'. जालन्यात हा 'री' लहान पोरालाही माहीत आहे, कारण गावाचं निम्मं पोट 'री-रोलिंग'वर आहे. री-रोलिंग म्हणजे काय? जुनं लोखंड, त्यात रेल्वेचे जुने रूळही आले, कापायचं, भट्टीत लाल करायचं आणि रोलच्या खाचांमधून एकामागून एक पास देत दाबत न्यायचं. माझ्या सुरुवातीच्या काळात माणसं सांडशीनं ती लाल नागमोडी सळई पकडून पुढच्या खाचेत घालायची. उन्हाळ्यात जालन्याचा ४२-४३ डिग्री पारा आणि समोर हजारावर तापलेलं लोखंड. त्यांच्या पायात गोणपाट गुंडाळलेलं असायचं. ऑफिसातनं बघताना आपला पंखा बंद करावासा वाटायचा, करत मात्र नसू.

सांगायचं ते हे, की मिलच्या एका तोंडानं रूळ आत गेला म्हणून दुसऱ्या तोंडानं रूळच बाहेर येत नाही. सळई येते. 'री' लागला खरा, पण वस्तू पूर्ववत झाली नाही. लोखंड तेच, घडण वेगळी. रीरेग्युलेटमधला 'री' बरोबर असाच आहे, असं माझं म्हणणं.

शिवाय व्याकरणाचाही एक मुद्दा आहे. या क्रियापदाचं कर्म नियम नसतं, धंदा असतो. उठवलेला नियम परत लावला तर इंग्रजीत त्याला 'रीइन्स्टेट' किंवा 'रीइम्पोज' म्हणतात. रीरेग्युलेट करतात ते विमानसेवा, केबल टीव्ही, बँका, बियाणं यांना. अमेरिकेत केबल टीव्हीचे दर १९८४ च्या कायद्यानं बरेचसे मोकळे केले आणि लोकांची बोंब झाल्यावर १९९२ च्या कायद्यानं परत बांधले. पण १९८४ च्या आधी केबलवाल्यावर हुकूम चालायचा तो मुख्यतः गावच्या नगरपालिकेचा. १९९२ मध्ये दर ठरवायच्या नियमांची सूत्रं वॉशिंग्टनच्या आयोगाकडे गेली. पट्टी तीच म्हणावी, तर धरणारा हात बदलला. म्हणून मधे एक 'डीरेग्युलेट' होऊन गेलेलं असावं लागतं, त्याशिवाय या शब्दाला अर्थ नाही. बांधलं, सोडलं, परत बांधलं, यातली तिसरी पायरी.

(धरणवाल्या इंजिनियरांकडेही हा शब्द आहे. वीज करायला धरणातून पाणी सोडतात ते कधी लोंढा, कधी थेंब. खाली एक लहान धरण बांधून तो लोंढा अडवायचा आणि नदीला सारखं पाणी सोडायचं, त्याला रीरेग्युलेटिंग धरण म्हणतात. मला हा अर्थ सगळ्यात आवडला. पण विषयांतर नको.)

तर लोखंड.

लोखंडावर सरकारी नियंत्रण आलं ते दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली. स्वातंत्र्यानंतर ते जायच्या ऐवजी पक्कं झालं. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा आणि त्याखालचा १९५६ चा लोखंड-पोलाद नियंत्रण आदेश. त्याच सुमारास भाडे-समानीकरण आलं, म्हणजे भिलाईच्या दारात असा की जालन्याला असा, पोलादाचा रेल्वे स्टेशनवरचा भाव एकच. बिहार-बंगालच्या लोकांनी या धोरणाला आयुष्यभर शिव्या दिल्या, आणि त्यांच्या बाजूनं त्या योग्यच होत्या, कारण खाणी त्यांच्या आणि कारखाने मुंबई-पुण्याला. पण खाण नाही, कोळसा नाही, बंदर नाही अशा मराठवाड्यातल्या माणसाला त्यात गैर काही दिसत नव्हतं. हे कबूल केलेलं बरं.

१९६४ मध्ये थोडी दोरी सैल केली आणि जॉइंट प्लँट कमिटी नेमली. १९६७ मध्ये बहुतेक माल नियंत्रणातून सोडला. लगेच टंचाई, काळाबाजार. १९७१ मध्ये त्याच कमिटीची फेररचना करून सरकारनं परत लगाम हातात घेतला. बघा, रीरेग्युलेट हा शब्द इथे कुणी वापरला नसेल, पण काम तेच झालं. आणि १९७१ नंतरची व्यवस्था १९५६ सारखी नव्हती. आता भाव कमिटी ठरवायची, आणि माल आधी संरक्षण, रेल्वे, सरकारी कामं यांना. उरलेल्यासाठी बाकीच्यांनी रांग लावायची. मी नोकरीला लागलो तेव्हा ऑफिसातले जुने लोक 'जे.पी.सी. रेट' हा शब्द पंचांगातल्या तिथीसारखा उच्चारायचे. आज काय तिथी, आज काय जे.पी.सी.?

मग जुलै १९९१ चं नवं औद्योगिक धोरण आलं आणि पोलादाचं लायसन्स गेलं. जानेवारी १९९२ मध्ये भाव आणि वाटपावरचं नियंत्रण गेलं, भाडे-समानीकरणही उठलं. आमच्या मालकांनी पेढे वाटले होते, मला आठवतं. जालन्यात इंडक्शन फर्नेस उभ्या राहू लागल्या. भंगार वितळवायचं, इंगट ओतायचे, शेजारच्या मिलमध्ये रोल करायचे. खाण नसलेल्या गावाला विजेच्या भट्टीनं खाण मिळवून दिली असं म्हणायला हरकत नाही. 'जालना, सोने का पालना' ही म्हण पूर्वी बाजारपेठेसाठी होती. तेव्हा ती लोक लोखंडासाठी वापरायला लागले.

पाच वर्षं. फक्त पाच. सप्टेंबर १९९७ मध्ये इंडक्शन फर्नेस आणि री-रोलिंग मिल यांच्या एक्साइजची पद्धत बदलली. किती माल काढला यावर कर नाही, तर मिलची क्षमता किती यावर. तुम्ही चोरून माल काढता ना, मग आम्ही तुमचं मशीनच मोजतो! भावावर नियंत्रण नव्हतं, वाटपावर नव्हतं, लायसन्सही नव्हतं. १९९२ मध्ये सोडलेलं काहीच परत आणलं नव्हतं. तरी आम्ही परत बांधले गेलो. क्षमता काढायचं एक सूत्र होतं, त्यात रोलचा व्यास, मिनिटाला फेरे, वर्षाचे तास, असं सगळं. रोलचा व्यास मोजला जात असताना मी शेजारी वही धरून उभा होतो. पट्टी लावून मोजणं, म्हणजे अगदी शब्दशः रेग्युला.

त्या पद्धतीत एक कलम होतं, की मिल सलग ७ दिवस किंवा जास्त बंद ठेवली तरच तेवढ्या दिवसांचा कर माफ. चार दिवस बंद ठेवली तर माफी नाही. मंदी होती. ऑर्डर नसल्या की आधी आम्ही दोन दिवस मिल थांबवायचो, तिसऱ्या दिवशी चालू. आता थांबवायची तर आठवडाच. रोजंदारीवरच्या माणसांचा आठवडा बुडायचा. बंदची नोटीस टाइप करायचं काम माझं. गेटवर चिकटवायला मात्र मी शिपायाला पाठवायचो, स्वतः गेलो नाही कधी. सांडशीवर काम करणारा परतूर तालुक्यातला एक माणूस एकदा टेबलापाशी येऊन म्हणाला, "भाऊ, सहा दिवसाचं नाही का जमत? सातवा दिवस रविवार हाय, तेवढाच तर पगार मिळंल." त्याला कायद्याचं कलम काय समजावणार? मी म्हणालो, वरून आलंय. ही पद्धत २००० मध्ये गेली. आमची मिल तिच्या आधीच गेली. मिल केवळ त्या कलमानं बुडाली असं मी म्हणणार नाही, धंद्यातल्या चुका मालकांच्याही होत्या. पण तो माणूस मात्र अजून डोळ्यांपुढे येतो.

आणि आता दुसरी बाजू. २०१२ च्या गुणवत्ता आदेशानंतर बांधकामाच्या सळईला आयएसआय मार्क सक्तीचा झाला. आय.एस. १७८६ हा तो मानक. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरली पाहिजे, १२ मीटरचा गज साधारण साडेदहा किलोच्या वर. फॉस्फरस आणि गंधक अमुक टक्क्यांच्या आत. भंगारातून आलेला फॉस्फरस साध्या इंडक्शन भट्टीत निघत नाही, त्यामुळे जालन्यात बरीच ओरड झाली. ओरडणाऱ्यांत माझे मित्रही होते. पण मी स्वतः घर बांधताना काय केलं? गज काट्यावर ठेवून मोजला, शिक्का बघितला. १९९३ चा किल्लारीचा भूकंप बघितलेल्या मराठवाड्यातल्या माणसानं सळईच्या नियमाला नावं ठेवावीत, हे मला तरी जमत नाही. म्हणजे तोच धंदा दोनदा परत बांधला गेला. एका वेळी बांधणारा मोजत होता कर, दुसऱ्या वेळी मोजत होता लोखंड.

लोखंडाचं एवढं पुराण झालं, पण जालन्याला दुसरंही एक पोट आहे, ते म्हणजे बी. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली, १९९८ चं जागतिक अन्न पुरस्काराचं मानपत्र या गावात आलं. आजूबाजूच्या गावांत बिजोत्पादनाचे प्लॉट असतात. आदल्या संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल त्यावर फिरवायचं. हजारो फुलं, बायकांच्या बोटांनी. संकरित कापसाच्या पाकिटाच्या किमतीत ती बोटंही असतात, ते विसरू नये.

आमचे दादा बदनापूर तालुक्यात कापूस करतात. बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीला ४५० ग्रॅमचं पाकीट १६०० रुपयांच्या वर. त्यात १२५० रुपये नुसती तंत्रज्ञानाची फी. दादा ते पाकीट घरी आणायचे तेव्हा देवघरात ठेवायचे, चेष्टा नाही. २००६ मध्ये आंध्र सरकार त्या फीविरुद्ध एकाधिकार-प्रतिबंध आयोगाकडे गेलं आणि पाकीट ७५० वर आणलं. महाराष्ट्रानंही तोच रस्ता धरला.

आणि नेमकं याच वेळी दिल्लीत उलटं चाललं होतं. जीवनावश्यक वस्तू कायद्यात २००६ मध्ये दुरुस्ती झाली, ती फेब्रुवारी २००७ पासून लागू झाली. त्या नव्या यादीत अन्नपिकांचं बी राहिलं, चाऱ्याचं राहिलं, तागाचंही राहिलं. कापसाचं बी तेवढं गळलं! एका यादीतून दोन शब्द गेले आणि राज्यांच्या पायाखालची जमीन सरकली. मग आंध्रनं स्वतःचा कायदा केला, महाराष्ट्रानं २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या पुरवठ्याचा आणि किमतीचा स्वतःचा कायदा केला. डिसेंबर २००९ मध्ये केंद्रानं कापसाचं बी यादीत परत घातलं. इथपर्यंत म्हणाल तर 'पूर्ववत'. पण गोष्ट तिथे थांबली नाही. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राचा किंमत नियंत्रण आदेश निघाला आणि २०१६ पासून देशभर एकच कमाल किंमत. बीजी-टूचं पाकीट ८०० रुपये, त्यात तंत्रज्ञानाची फी फक्त ४९. मग फी ३९ झाली, २० झाली, आणि २०२० मध्ये शून्य.

जुन्या कायद्यात तंत्रज्ञानाची फी ठरवणं ही कल्पनाच नव्हती. म्हणजे २००७ मध्ये जे सोडलं ते आणि २०१५ मध्ये जे बांधलं ते एक नव्हतं. रूळ आत गेला, सळई बाहेर आली. भाच्या, वाचतोयस ना? म्हणून 'नियम पूर्ववत करणे' चूक.

दादांना विचारलं, काय वाटतं? ते म्हणाले, "पाकीट स्वस्त झालं हे खरं. पण पहिले दोन साल जे वाण पाहिजे ते दुकानात मिळायचं. भाव बांधल्यावर चांगल्या वाणाला दुकानदार म्हणतो माल नाही, आणि संध्याकाळी मागच्या दारानं जास्तीच्या पैशानं मिळतं. पावती जुन्याच भावाची." त्यांनी एक-दोनदा तसं घेतलं, हेही त्यांनीच सांगितलं. दुकानाचं नाव मी विचारलं नाही. आणि नवं तंत्रज्ञान? बीजी-टू २००६ चं, त्यानंतर सरकारमान्य असं नवं काही शेतात आलेलं नाही. गुलाबी बोंडअळीनं त्याला केव्हाच चकवलं, २०१७ चा हंगाम विदर्भ-मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. मग परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील बी चोरून येतं. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेनं ते उघड उघड पेरून आंदोलन केलं. चोरीच्या पाकिटाला ना भाव बांधलेला, ना उगवणीची हमी. म्हणजे ज्यांनी लगाम घट्ट धरला त्यांच्याच डोळ्यांदेखत एक घोडं बिनलगामी पळतंय.

मी संघटनेच्या विचाराचा नाही, सरकारी विचाराचाही नाही. १६०० च्या पाकिटापुढे हात जोडणारे दादाही बघितलेत आणि मागच्या दारापाशी उभे असलेले दादाही बघितलेत. दोन्हींपैकी कुठलं बरं, ते मला ठरवता आलेलं नाही.

आता शब्दाचं काय करायचं? 'पुनर्नियमन' हा सरकारी कागदावर शोभेल. पण 'पुनर्' म्हटलं की पुनर्जन्म, पुनर्वसन, म्हणजे गेलेलं परत, असा वास येतो. मला 'फेरनियमन' जास्त पटतो. फेरमतदान, फेरतपासणी, फेरविचार हे शब्द आपण रोज वापरतो. फेरमतदानात निकाल तोच यावा असं कुणी धरत नाही. आणि मराठीत फेर म्हणजे फरकसुद्धा. दोन मापांत फेर पडला म्हणतो, तलाठ्याकडे फेरफार लावतो. परत आणि वेगळं, हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात फुकट मिळतात. इंग्रजी 'री'ला ते जमत नाही. कर्म मात्र सांभाळायचं, म्हणजे 'नियमांचे फेरनियमन' नको, 'बियाणे व्यवसायाचे फेरनियमन' लिही.

आणि २०२० च्या कृषी कायद्यांसाठी हा शब्द वापरू नकोस. ते कायदे नोव्हेंबर २०२१ मध्ये मागे घेतले, त्याला 'मागे घेणे' हाच सरळ शब्द आहे. तिथे आधीचं होतं तेच राहिलं.

काल रात्री हे सगळं भाच्याला फोनवर थोडक्यात ऐकवलं. तो म्हणाला, "मामा, मस्त आहे, पण काम परवाच देऊन टाकलं. 'पुनर्नियमन' घातलं. त्यांना चाललं." मग मी दादांना फोन लावला. ते म्हणाले, शब्दाचं जाऊ दे, २०२५ ला पाकीट ९०१ झालं होतं, पुढं किती धरू ते सांग.